फरशीवरची सावली

या सदरातले अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतोय, पण करमणूक म्हणून. कुणाला घाटाच्या वळणावर बाई दिसली, कुणाच्या माळ्यावर पावलं वाजली... वाचायचं, हसायचं आणि बायकोला मोठ्यानं वाचून दाखवून घाबरवायचं. ती घाबरत नाही, उलट मलाच नावं ठेवते. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. देवावरचाही गणपतीत आरतीला टाळ्या वाजवण्यापुरता. त्यामुळे आज मीच इथं लिहायला बसलोय म्हटल्यावर ओळखीचे लोक पोट धरून हसतील. हसू देत. पाच वर्षं पोटात ठेवून झालं, आता राहवत नाही.

मी सिव्हिल इंजिनिअर. राहायला मंगळवार पेठेत, ऑफिस शाहूपुरीत. आजोळ भुदरगडच्या डोंगरपट्ट्यात, गारगोटीच्या पुढं गाडीनं तासभर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर पुढच्या रविवारी तिथं वीस मोटरसायकली उभ्या राहतील आणि पोरं रील काढतील.

गावाच्या वरच्या अंगाला देवराई आहे. गावातले लोक नुसतं 'राई' म्हणतात. आंबा, जांभूळ, हिरडा, अंजन, मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली, आणि मधोमध पत्र्याच्या छपराखाली काळ्या दगडाचा देव. त्याला नाक-डोळे नाहीत, नावही नाही. राईतला देव, बस्स. राईच्या कडेला चपला काढायच्या आणि आतली वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही, असा शिरस्ता. आई सांगायची, तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात जळण संपलं, पंगत अर्ध्यात अडली, तरी कुणी राईकडं बघितलं नाही.

देवाच्या समोर एक बेहडा होता. चार माणसांनी हात धरले तरी कवेत येणार नाही असा. लहानपणी मे महिन्यात आम्ही भावंडं त्याच्या बुंध्याशी चिंचोके खेळायचो. बाहेर ऊन कितीही तापलेलं असो, तिथं पाय थंड असायचे.

आता मामाबद्दल सांगतो. माझा एकुलता एक मामा हा देवस्थान कमिटीचा अध्यक्ष. त्यावेळी पंच्याहत्तरीला आला होता, पण आवाज असा की गावात बोलला तर शिवारातल्या शेवटच्या माणसाला कळावं. शेजारच्या दोन गावांनी आपापल्या देवांना आरसीसीची देवळं बांधली आणि मामाची झोप उडाली. मला फोन.

"आरं इंजिनेर, हितं देव पत्र्याखाली बसलाय आणि तू शाहूपुरीत लोकांचं बंगलं बांधतोयस. लाज वाटती का न्हाय?"

आजोळचं काम, त्यात देवाचं. नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगायचं तर मलाही हाव होती. मंदिर, सभामंडप, पुढं मोकळं अंगण, पांढरी फरशी, सगळं माझ्या नावावर. मी जाऊन टेप टाकला, मोजमापं फील्डबुकात घेतली आणि ऑफिसात बसून प्लॅन काढला. बेहडा बरोबर अंगणात येत होता. मी त्याच्या जागी एक गोल काढला होता. नंतर तो गोल पुसला. प्लॅन पंधरा फूट सरकवला असता तरी चाललं असतं, पण मग अंगण सिमेट्रिकल दिसलं नसतं. ही माझी अक्कल!

गावसभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. कागदपत्रं झाली. मार्चच्या मध्याला झाडं तोडणारी माणसं आली, आणि त्याच संध्याकाळी गुरवतात्या मामाच्या घराच्या पुढच्या सोप्यात येऊन उभे राहिले.

गुरवतात्या म्हणजे राईतल्या देवाचे पुजारी. मामापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, अंगानं काटकुळे, बोलणं मोजकं. गावात त्यांचा मान होता तो कौलामुळं. कौल म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. गावाला काही ठरवायचं असलं की गुरव देवाच्या दगडाला ओल्या फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवतो, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. मग प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडं सोयरीक जुळण्यापासून विहिरीची जागा ठरवण्यापर्यंत सगळं या पाकळ्यांवर ठरत आलंय.

तात्या मामाला उभ्यानंच म्हणाले. "आबा, बेहड्याच्या ढोलीत गरुडीण बसलीया."

आमच्याकडं गरुड म्हणतात तो पुस्तकातला धनेश. केवढी मोठी पिवळी चोच, उडाला की पंखांचा आवाज दूरवर ऐकू येतो. त्याची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. फक्त एक फट ठेवते. आत बसल्यावर तिची पंखांची पिसं गळतात, म्हणजे ठरवलं तरी उडता येत नाही. नर दिवसभर फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. पिल्लं मोठी झाली की ती लिंपण फोडून बाहेर येते. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी तात्यांनी सांगितलं तेव्हा मी मोबाइल बघत होतो.

"झाड तोडू नगा म्हणत न्हाय मी," तात्या म्हणाले. "गावानं ठरवलंया, गावाचं झाड हाय. फकस्त दोन म्हैनं थांबा. मिरगाच्या आत ती भाईर येती की. मग खुशाल तोडा."

मामानं माझ्याकडं बघितलं. मी मनातल्या मनात हिशेब केला. दोन महिने थांबलो तर पाया पावसात सापडणार, स्लॅब दिवाळीनंतर, आणि मला त्या वर्षी इचलकरंजीत दोन मोठ्या शेडची कामं होती. मला थांबायचं नव्हतं, एवढंच. पण तसं कसं बोलायचं? मी म्हणालो, "तात्या, एका पाखरासाठी देवाला अजून एक पावसाळा पत्र्याखाली भिजवायचा का?"

सोप्यातली माणसं हसली. मामानं मांडीवर थाप मारली. बोलण्यात मी पहिल्यापासून हुशार. तात्या हसले नाहीत. पण बसलेल्यांपैकी दोघं-तिघं म्हातारे चुळबुळ करायला लागले. राईचा विषय होता, भीती वाटणारच. तात्यांनी ते ओळखलं.

"मग देवालाच इचारू. उद्या सकाळी कौल लावतो."

याला नाही म्हणायची छाती कुणाची नव्हती, मामाची सुद्धा.

त्या रात्री मला नीट झोप लागली. हे मुद्दाम लिहितोय. काही टोचणी वगैरे लागली नाही. सकाळी मामीनं न्याहारीला भाकरी आणि काकवी वाढली. उसाचा रस आटवताना गूळ होण्याच्या आधी निघते ती दाट, चिकट काकवी. ती बोटाला लागली आणि निघता निघेना, तेव्हा मला सुचलं. पावडरीच्या एका रिकाम्या डबीत मी चमचाभर काकवी घेतली. लोक जमायच्या आधी राईत गेलो आणि "गाभाऱ्याचं माप राहिलंय" असं तात्यांना सांगून टेप घेऊन आत शिरलो. तात्या बाहेर हातपाय धूत होते. मी देवाच्या डाव्या अंगाला, जिथं पाकळी चिकटवतात तिथं, बोटभर काकवी चोपडली. काळ्या ओल्या दगडावर काहीही दिसत नव्हतं.

मला यात पाप-बिप वाटलं नाही. दगड आहे, पाकळी आहे, चिकटपणा आहे. अंधश्रद्धेला शास्त्रानं दिलेलं उत्तर, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःवर खूशच होतो.

गाव जमलं. तात्यांनी पाकळ्या लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "देवा महाराजा, गाव तुझ्या दारात आलंया. आत्ताच तोडा म्हणत आसशील तर उजवा दे. थांबा म्हणत आसशील तर डावा दे. आमी लेकरं हाय, आमास्नी कळत न्हाय."

पुढची दहा मिनिटं मी कधीच विसरणार नाही. दोन-तीन मिनिटांतच डावी पाकळी सुटायला लागली. कडेनं सुटली, वरून सुटली, पार उलटी होऊन लोंबायला लागली... पण पडेना. एका टोकावर अडकून राहिली. तात्या डोळे बारीक करून बघत होते. वारा नव्हता तरी ती पाकळी हलत होती. मी सगळ्यात पुढं उभा होतो आणि मला स्वच्छ दिसत होतं, काकवी नसती तर ती केव्हाच खाली आली असती.

शेवटी उजवी पाकळी वाळून पडली.

"उजवा! उजवा दिला!" मामा ओरडला. लोकांनी हात जोडले. तात्यांनीही जोडले, पण त्यांची नजर त्या लोंबणाऱ्या पाकळीवरच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेहडा पडला. मी तिथंच होतो. झाड आडवं झालं तेव्हा ढोलीपाशी खोड फुटलं आणि आतून ती बाहेर आली. पंखांना पिसं जवळजवळ नव्हतीच. एवढा मोठा पक्षी, आणि सोललेला दिसत होता. ती जमिनीवर दोन पावलं चालली आणि बसली. मागे फुटलेली अंडी. तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, तिला त्यात गुंडाळली आणि घरी घेऊन गेले. माझ्या अगदी जवळून गेले, पण माझ्याकडं बघितलं नाही. ती मात्र बघत होती. दुपारी तिनं मान टाकली.

आता नराचं सांगायलाच हवं. तो पुढचे दहा-बारा दिवस येत होता. सुपरवायझर मला फोनवर हसत सांगायचा, "साहेब, ते पाखरू येतंय, वरच्या वर घिरट्या घालतंय आणि फळं टाकून जातंय." बेहड्याची मुळं काढलेल्या खड्ड्यात रोज सकाळी उंबरं पडलेली असायची. कामगार ती झाडून काढायचे आणि काम सुरू करायचे. मग तो यायचा बंद झाला. मी एकदाही बघायला गेलो नाही.

पावसाच्या आधी पाया वर आला, पुढं स्लॅब, मग कळस. देऊळ देखणं झालं. माझा फेटा बांधून सत्कार झाला, मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

यानंतरचं जे आहे, ते मला आजपर्यंत समजलेलं नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलच्या मध्याला मामाचा फोन आला, अंगणातल्या चार फरश्या फुगल्यात. मी कोल्हापुरातून पहाटे निघालो, नवाच्या सुमाराला राईत पोचलो. राईत म्हणजे, जी मागच्या बाजूला उरलीय तिच्या पुढच्या उघड्या भागात. ऊन चढलं होतं, फरशी पांढरीशुभ्र, डोळे दिपत होते. चपला काढून मी अंगणात पाऊल टाकलं तर भाजलं. पाय उचलत उचलत फुगलेल्या फरश्यांकडं निघालो आणि मध्येच पायाला गार लागलं.

खाली बघितलं. मी सावलीत उभा होतो.

एखाद्या मोठ्या झाडाखाली उन्हाचे कवडसे हलतात ना, तशी सावली. माझ्या पांढऱ्या शर्टावर, हातांवर पानं हलत होती. मी वर बघितलं. वर काहीही नव्हतं, निळं आभाळ आणि सूर्य. आजूबाजूला पन्नास फुटांत झाड नाही. देवळाचा कळस माझ्या उजवीकडं, त्याची सावली वेगळी, त्याच्या जागी. परत खाली बघितलं. पानांच्या सावलीतून मागं पूर्वेकडं जाणारा एक जाड पट्टा होता, खोडाचा. तो अंगणाच्या मधोमध एका जागी सुरू होत होता. ती जागा कुठली, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

मग पंखांची सावली आली. ती फरशीवरून सरकत आली आणि खोडाच्या पट्ट्याच्या कडेला थांबली. मोठी चोच स्पष्ट दिसत होती. चोच खोडाला टेकली, मागं झाली, परत टेकली. पाच-सहा वेळा. तो भरवत होता. आवाज काहीच नाही. मी मोबाइल काढला, फोटो काढले, व्हिडिओ काढला. सगळ्यात पांढरी फरशी आणि माझी स्वतःची सावली, बाकी काही नाही. फोटोत नाही आणि डोळ्यांना मात्र समोर दिसतंय...

"दिसलं व्हय?"

देवळाच्या पायरीवर गुरवतात्या बसलेले होते. केव्हापासून, ते मला माहीत नाही.

"म्हैना झाला," ते म्हणाले. "रोज येतंय. धा वाजलं की सावली इस्कटती, काय दिसत न्हाय. सकाळचंच दिसतं."

मी काय केलं असेल? घाबरून पळालो? नाही. माणूस आपल्या जातीवर जातो. मी गाडीतून टेप आणला. मोजलं. जिथून खोड सुरू होतं तिथून, जिथं चोच टेकत होती तिथपर्यंत, अडतीस फूट. त्या वेळच्या सूर्याच्या उंचीवरून गणित केलं तर ढोली जमिनीपासून साधारण तीस फुटांवर येते. घरी येऊन जुनं फील्डबुक काढलं. झाड आडवं झाल्यावर लाकडाचं माप घेताना मीच लिहिलं होतं, ढोली तीस फुटांवर, तिथं खोड फुटकं.

पण त्याच्या आधी, तिथंच पायरीवर, मी तात्यांना सगळं सांगून टाकलं होतं. काकवीचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढं मान खाली घालून बोललो. वाटलं होतं, हा माणूस आता मला शिव्या घालेल, गावभर करेल. तात्या ऐकून घेत होते.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "त्याच सांजंला दिवा लावाया गेलतो. डाव्या अंगाला मुंग्यांची रांग लागल्याली. बोट लावून चाटून बघितलं."

"त्याच संध्याकाळी? म्हणजे झाड तोडायच्या आधी? तात्या, मग बोलला का नाहीत?"

फरशीवर चोच खोडाला टेकत होती.

"भ्यालो," तात्या म्हणाले. "कौल खोटा पडला म्हणून गावाला कळलं आसतं, तर पुन्यांदा कुणी कौलावर इश्वास ठेवला नसता. बापजाद्यांपासनं चालत आल्यालं. म्हटलं, एक पाखरू गेलं तर गेलं, देवाची पत ऱ्हायली पायजे. तू काकवी लावलीस, पावणं. मी ती चाटून गप बसलो."

त्या दिवसापासून तात्यांनी कौल लावणं बंद केलं होतं. गावाला सांगताना गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. कौल लावायला गुडघ्यांचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही, कारण देऊळ नवं होतं आणि सगळे खूश होते.

मी दर वर्षी जातो आता. मार्चच्या सुरुवातीला सावली दिसायला लागते, रोज सकाळी तासभर. तो येतो, भरवतो, जातो. मे संपता संपता एके दिवशी सावली नसते, फक्त तापलेली फरशी. मग पुढच्या मार्चपर्यंत काही नाही. आणि या एवढ्या वर्षांत ती एकदाही बाहेर आलेली नाही. तात्यांचं सगळं लक्ष तेवढ्यावर असायचं. लिंपण फुटतंय का, दुसरी सावली दिसतेय का. "औंदा येईल बघ," असं ते दर वर्षी म्हणायचे. दोन वर्षं झाली, तात्यांची नजर गेलीय आणि चढ चढवत नाही. आता मी राईतून फोन करतो. त्यांचा प्रश्न ठरलेला, "आली का भाईर?" आणि मी सांगतो, "अजून न्हाय, तात्या." मग ते फोन ठेवून देतात.

बायकोला एकदा घेऊन गेलो होतो. तिला काहीही दिसलं नाही. सावली तिच्या साडीवरून फिरत होती आणि ती मला म्हणत होती, "चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा." पण चालता चालता ती थांबली, पाय मागं घेतला, परत पुढं टेकला. "अगंबाई, एवढीच फरशी गार कशी काय हो?" डोळे तपासून झाले, ठीक आहेत. डोक्याच्या डॉक्टरलाही आडवळणानं विचारलं. अपराधीपणातून माणसाला भास होतात, असं तो म्हणाला. असतीलही. पण मग तात्यांना माझ्या आधी महिनाभर कसं दिसत होतं? आणि अडतीस फुटांचं काय? गणित माझ्या बाजूचं असतं, असं मी आयुष्यभर मानत आलो. इथं ते माझ्या विरुद्ध साक्ष देतंय. वाचकांपैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. देवाचा कोप वगैरे मात्र सांगू नका. कोप असता तर बरं झालं असतं. माझं काहीच वाईट झालं नाही. धंदा चांगला चाललाय, तब्येत ठणठणीत आहे. मला कुणी शिक्षा करत नाहीये. तो बिचारा फक्त आपलं काम करायला येतो.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण सांगतो. या फेब्रुवारीत कमिटीनं मला बोलावलं. उन्हाळ्यात अंगण तापतं, बायाबापड्यांना प्रदक्षिणा घालता येत नाही, म्हणून पूर्ण अंगणावर पत्र्याची शेड घालायची. मीच डिझाइन करावं. वर शेड आली की फरशीवर ऊन पडणार नाही. ऊन नाही तर सावली कुठली! आणि समजा, याच वर्षी ती बाहेर येणार असली तर?

मी मामाच्या सोप्यात बसून फुगलेल्या फरश्यांचं कारण पुढं केलं. खाली बेहड्याची मुळं कुजलीत, जमीन पोकळ झालीय, शेडच्या खांबांना पाया मिळणार नाही, सगळं खाली बसेल. लेटरहेडवर लिहून सही-शिक्का मारून दिलं. साफ खोटं आहे. मुळं मीच जेसीबी लावून खणून काढली होती, मुरूम भरून रोलर फिरवला होता. त्या जमिनीवर तीन मजले उभे राहतील. कमिटीची पोरं कागद बघून गप्प बसली. साहेबांनी लिहून दिलंय म्हटल्यावर कोण बोलणार?

मामा आता ऐंशी पार झालाय. आवाज बसलाय, पण डोकं शाबूत आहे. सगळे गेल्यावर त्यानं तो कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडं बघितलं. मुळं निघाली तेव्हा तो तिथंच खुर्ची टाकून बसला होता, हे मी विसरलो होतो.

"आरं, मुळं तर काढली व्हती की आपण," तो हळूच म्हणाला. "आणि लोकांचं पाय भाजत्यात, त्याचं काय?"

"भाजू देत, मामा," मी म्हणालो. "माझंबी भाजत्यात."